आजोबा कुठल्या देशाचे?

1962 ची दिवाळी तोंडावर आली होती. 20 ऑक्टोबरला चिनी फौजा लडाखमध्ये आणि ईशान्येला एकाच वेळी खाली उतरल्या. महिनाभर लढाई चालली आणि 21 नोव्हेंबरला चीनने आपणहून युद्धबंदी जाहीर केली. त्या धामधुमीत दिल्लीहून जे फतवे निघाले, त्यांत परकीयांविषयीचा एक कायदा होता. आक्रमण करणाऱ्या देशाचा माणूस कोण, हे ठरवताना या कायद्याने नुसत्या पासपोर्टावर भागवलं नाही. माणूस स्वतः, त्याच्या आईवडिलांपैकी कोणी, किंवा चार आजी-आजोबांपैकी कोणीही एक कधीकाळी त्या देशाचा नागरिक असला, तरी तो त्या जाळ्यात सापडत होता.

या तरतुदीचा खरा घाव मिश्र घरांवर पडला. आसामातल्या माकुममध्ये चहाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी चिनी मजूर आणले होते. त्यांनी तिथल्याच बायकांशी लग्नं केली, त्यांची नातवंडं असमिया बोलत वाढली. त्या नातवंडांना पोलिसांनी घरातून उचललं आणि आगगाडीत बसवून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं. देशभरातून तिथे सुमारे तीन हजार माणसं डांबली गेली. नवरा चिनी वंशाचा, बायको इथली, असं असेल तर तिने ठरवायचं होतं: मुलांबरोबर छावणीत जायचं की घर सांभाळत मागे राहायचं. पुढे चीनने पाठवलेल्या जहाजांतून यातले अनेकजण अशा देशात गेले, जो त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. असमिया लेखिका रीता चौधुरी यांनी 2010 मध्ये या लोकांवर ‘माकाम’ ही कादंबरी लिहिली, तोवर बाहेर याची फारशी वाच्यता नव्हती.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला याची झळ लागली नाही. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं: भाताच्या गिरण्या, बिडीचे कारखाने आणि चारी दिशांना फुटणारे रेल्वेचे रूळ. चिनी माणूस म्हणजे वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र. पण हिमालयातल्या त्याच उलथापालथीने पुढच्या दहा वर्षांत वैनगंगेच्या खोऱ्यात दोन प्रकारची माणसं आणून सोडली. एक होता चिनी सैन्यातला सर्वेक्षक. दुसरे होते त्याच सैन्यापुढून पळालेले तिबेटी. दोघांच्या मुक्कामांत सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर आहे. ते एकमेकांना भेटल्याचं कुठे वाचनात नाही, पण दोघांच्या मुला-नातवंडांची गोष्ट शेजारी ठेवून वाचावी अशी आहे.

सर्वेक्षकाचं नाव वांग ची. चीनच्या शांक्सी प्रांतातल्या शेतकरी कुटुंबातला मुलगा. सर्वेक्षणाचं शिक्षण घेऊन तो 1960 मध्ये सैन्यात भरती झाला आणि सैन्यासाठी रस्ते आखण्याच्या कामावर सीमेकडे आला. युद्धबंदी होऊन महिना उलटून गेला होता. जानेवारी 1963 मध्ये तो तळावरून फिरायला म्हणून बाहेर पडला आणि वाट चुकला. भुकेला, दमलेला असताना त्याला रेड क्रॉसची गाडी दिसली, त्याने मदत मागितली आणि गाडीवाल्यांनी त्याला भारतीय सैन्याच्या हवाली केलं. ही त्याची बाजू. सरकारी बाजू अशी की तो घुसखोर होता आणि त्याने स्वतःबद्दल खोटी माहिती दिली. दोन्हींतलं खरं काय ते आता कोणी सांगू शकेल असं वाटत नाही. मात्र युद्धकैदी म्हणून त्याची मोजदाद झाली नाही आणि कैद्यांच्या देवघेवीत तो परत गेला नाही. सहा-सात वर्षं त्याने वेगवेगळ्या तुरुंगांत काढली. 1969 मध्ये न्यायालयाने त्याला सोडायचा हुकूम दिला आणि पोलिसांनी त्याला बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीला आणून सोडलं.

तिरोडी मध्य प्रदेशात असलं तरी त्याची रेल्वे महाराष्ट्रातून यायची. तुमसर रोडहून जो फाटा उत्तरेला जातो, त्याच्या शेवटाला तेव्हा हे गाव होतं. रूळ गेले ते मॅंगनीजसाठी. गावाला लागून खाण आहे आणि खाणीमुळे गावात छत्तीसगडी, ओडिया, बिहारी, मराठी असं भरताड आधीपासूनच. 1956 पर्यंत भंडारा आणि बालाघाट एकाच राज्यात होते. नंतर मधे राज्याची सीमा आली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. पोवारांची निम्मी नाती आजही अलीकडे आणि निम्मी पलीकडे. अशा गावात आणखी एक परका माणूस खपून जाणं तुलनेने सोपं होतं. शहाण्या पोलिस अधिकाऱ्याने विचार करून हे गाव निवडलं की नकाशात आडबाजूला दिसलं म्हणून, कोण जाणे.

वांग पिठाच्या गिरणीत कामाला लागला. गावाने त्याचं नाव राज बहादूर ठेवलं, म्हणजे नेपाळी समजून घेतलं आणि प्रश्न मिटवला. मोडकी हिंदी त्याला येऊ लागली. तिरोडी सोडून जायची परवानगी नव्हती. ज्याला जाता येत नाही त्याचं घर करून द्यावं, हा गावांचा जुना उपाय. मित्रांनी मागे लागून 1975 मध्ये त्याचं लग्न लावून दिलं. मुलगी तिथलीच, सुशीला. या लग्नाबद्दल सुशीलाबाईंनी पुढे वार्ताहरांना जे सांगितलं त्यात एक कणही रोमान्स नाही. नवऱ्याची भाषा कळायची नाही, म्हणून त्या आईबापांवर चिडलेल्या होत्या. काही महिने त्यांनी त्याला सहन केलं, मग सवय झाली. हे त्यांनी हसत हसत सांगितलं होतं. त्या काळात आपल्याकडच्या कितीतरी बायका स्वजातीतल्या, दोन कोसांवरच्या नवऱ्याबद्दलही हेच सांगतील.

मुलं झाली. ती गावच्या शाळेत गेली, घरात हिंदी बोलली. वांगने पुढे छोटासा धंदा टाकला. पोलिसांना हप्ता देत नाही म्हणून त्याला मार खावा लागायचा, असं शेजाऱ्यांनी नंतर सांगितलं. म्हणजे गावाने माणूस सामावून घेतला तरी त्याचा परकेपणा ज्याला हवा त्याच्या कामी येतच होता. कोणी उठून विचारलं की बाबा, तुझे कागद कुठे, तर उत्तर नव्हतं.

याच टापूत तीस-पस्तीस वर्षं आधी एक वेगळं मिश्र घर उभं राहिलं होतं. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या पल्ल्यात, मंडल्याच्या डोंगरांत व्हेरिअर एल्विन राहायला आला. ऑक्सफर्डचा इंग्रज, पाद्री म्हणून भारतात आलेला आणि गांधींकडे ओढला गेलेला. त्याचा जन्माचा सोबती आपला मराठी माणूस, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातले शामराव हिवाळे. एल्विनने 1940 मध्ये कोसी या गोंड मुलीशी लग्न केलं. ती त्याच्याच शाळेतली विद्यार्थिनी होती. त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव नेहरूंवरून ठेवलं. 1949 मध्ये घटस्फोट झाला. एल्विनने नंतर लीला या परधान स्त्रीशी लग्न केलं, भारताचं नागरिकत्व घेतलं, ईशान्य सीमा प्रदेशात सरकारचा सल्लागार झाला, पद्मभूषण मिळवला. कोसी गावाकडेच राहिली, हलाखीत. एल्विनचं आत्मचरित्र जाडजूड आहे, पण कोसीच्या वाट्याला त्यात ओळी येतात त्या मोजक्याच. एल्विन आदिवासींवर जीव टाकणारा माणूस होता, यात मला शंका नाही. तरीही त्या घरात निघून जाण्याची मुभा एकालाच होती. तिरोडीत वांगला ती मुभा नव्हती आणि ते घर टिकलं. याचा अर्थ सक्तीने संसार टिकतो असा कोणी काढू नये. तिरोडीत दोघंही सारखीच गरीब होती आणि भाजी-भाकरीचा हिशेब दोघांना मिळून बसवायचा होता, एवढाच तो आहे.

मराठी वाचकाला इथे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवल्याशिवाय राहणार नाहीत. ते 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथल्या परिचारिका को छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला तिथेच वारले. मुलाचं नाव त्यांनी भारत आणि चीन या दोन्ही देशांची अक्षरं जोडून यिनहुआ ठेवलं होतं. तो वीरपुत्र म्हणून वाढला. शांतारामबापूंनी त्याच्या बापावर 1946 मध्ये चित्रपट काढला. कोटणिसांचं मिश्र घर दोन्ही देशांना मिरवायला उपयोगी होतं. वांगचं घर कोणालाच उपयोगी नव्हतं, म्हणून पन्नास वर्षं दोन्हीकडच्या फायली हलल्या नाहीत.

आता दुसरी माणसं. मार्च 1959 मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले आणि त्यांच्यामागे सुमारे ऐंशी हजार तिबेटी आले. सुरुवातीला यातल्या हजारोंनी हिमाचल, सिक्कीमकडे डोंगरातले रस्ते फोडायची मजुरी केली. सीमेच्या एका बाजूला वांग रस्ते आखत होता, दुसऱ्या बाजूला त्याच रस्त्यांच्या भीतीने भारत आपले रस्ते बांधत होता, आणि खडी फोडायला होते तिबेटी. पंडित नेहरूंच्या सरकारने राज्यांकडे जमिनी मागितल्या. म्हैसूर राज्याने सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त दिल्या, बैलकुप्पे त्यातूनच उभं राहिलं. महाराष्ट्राचा नंबर उशिरा लागला. 1972 मध्ये आजच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगड-गोठणगावच्या जंगलात नॉर्ग्येलिंग ही वसाहत बसली. आसपासचे लोक नुसतं ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात.

जागा कशी होती ते बघा. जवळच गाढवी नदीवर इटियाडोहचं धरण नुकतंच पुरं झालं होतं. भोवती नवेगावबांधचं रान. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो आणि पावसाळ्यात मलेरिया. बारा-चौदा हजार फुटांवर याकांमागे हिंडलेल्या, जवाचं पीठ खाणाऱ्या माणसांना धानाची रोवणी शिकायची होती, चिखलात गुडघाभर उभं राहून. ती त्यांना कोणी शिकवली? गोठणगाव, प्रतापगडच्या गोंड, महार, कुणबी, कोहळी शेतकऱ्यांनी आणि रोवणीला येणाऱ्या बायांनी. शिकवणी म्हणजे मजुरी घेऊन बरोबरीने काम करणं. मिश्र वस्तीची पहिली पायरी बहुधा अशीच असते, आणि तिच्यावर कोणी लेख लिहीत नाही. पाऊस संपला की तिबेटी कुटुंबं गाठोडी बांधून शहरांकडे स्वेटर विकायला निघतात आणि थंडी सरल्यावर परततात. नागपुरात त्यांच्या दुकानांसमोर घासाघीस करणारं गिऱ्हाईक त्यांना सर्रास नेपाळी म्हणतं. शाळेत चिडवायचं झालं तर ‘चिनी’. ज्यांच्यामुळे घर सुटलं त्यांचंच नाव कपाळी यावं, यावर तिबेटी पोरांनी हसावं की भांडावं, हे ज्याचं त्याने ठरवलं.

प्रतापगडच्या डोंगरावर महादेव आहे आणि पायथ्याशी दर्गा. महाशिवरात्रीच्या यात्रेला आणि उरुसाला तीच माणसं दोन्हीकडे जाताना दिसतात. शिवाय पूर्व विदर्भात 1956 नंतर घरोघरी बुद्ध आलेला. तिबेट्यांच्या गोन्पातला, म्हणजे मठातला, बुद्ध आणि बाबासाहेबांनी दिलेला बुद्ध यांत खूप अंतर आहे. एकीकडे रिन्पोछे म्हणजे अवतारी गुरू, पुनर्जन्म आणि मंत्र, दुसरीकडे बावीस प्रतिज्ञा. तरी बुद्धपौर्णिमेला हात जोडायची जागा एक आहे, आणि पाहुण्याला घरात घ्यायला तेवढं निमित्त पुरतं.

एवढं असूनही लग्नं मात्र कमीच. यात दोष सगळा इथल्या जातींचा नाही. तिबेटी वडीलधाऱ्यांचाही बाहेर लग्नाला मोठा विरोध असतो आणि त्यामागचं कारण वंशश्रेष्ठत्वाच्या गर्वापेक्षा भीतीचं आहे. देश गेला, उरलेत ते लाख-सव्वालाख लोक. त्यांत पोरगी मराठी घरात गेली की तिची मुलं तिबेटी बोलणार नाहीत, हे त्यांचं गणित. गंमत अशी की त्यांचं स्वतःचं कायदेपुस्तक या बाबतीत घरच्यांपेक्षा उदार आहे. निर्वासित तिबेट्यांच्या 1991 च्या सनदेप्रमाणे आई किंवा बाप यांपैकी एकजण तिबेटी असला की मूल तिबेटी. आजी मात्र सनद वाचून सून पसंत करत नाही.

आपल्याकडे काय? मराठी घराला तिबेटी जावई आला तर पहिला प्रश्न वंशाचा नसतो, ‘यांच्यात काय लागतं?’ हाच असतो. जातीच्या उतरंडीत ज्याला खणच नाही असा माणूस कधी कधी वरच्या-खालच्या वादातून सुटतो, हे तिरोडीतही झालं. बारीक डोळ्यांच्या पोराला गावाने जितक्या सहज खेळायला घेतलं, तितक्या सहज शेजारच्या वस्तीतल्या मुलाला घेतलं असतं का, हा प्रश्न अवघड आहे आणि तो टाळून या दोन्ही वस्त्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही.

घरांचे उंबरे असे पिढीगणिक थोडे थोडे झिजत गेले. कायदा मात्र याच काळात उलट दिशेने चालला होता. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार 26 जानेवारी 1950 नंतर भारतात जन्मलेलं मूल भारतीय, आईबाप कुठलेही असोत. 1 जुलै 1987 पासून आईबापांपैकी एकजण भारतीय असणं आवश्यक झालं. 3 डिसेंबर 2004 पासून दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. याचा हिशेब एका घरात करून पाहा. तिबेटमध्ये जन्मलेल्या जोडप्याला गोठणगावच्या कॅम्पात मे 1987 मध्ये मुलगा झाला, तर तो जन्माने भारतीय. त्याच खोलीत 1989 मध्ये बहीण झाली, तर ती निर्वासित. एकच शाळा, एकच ताट.

बरं, त्या भावालाही आपण भारतीय आहोत हे बरीच वर्षं कोणी सांगितलं नाही. सगळ्यांना सरसकट नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘आरसी’ म्हणतात, तेच मिळायचं. डिसेंबर 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भारतात जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला भारतीय पासपोर्ट द्यायला सांगितलं, तेव्हा ही वाट उघडली. 2014 मध्ये निवडणूक आयोगाने अशा लोकांची नावं मतदारयादीत घ्यायला सांगितली. 2016 मध्ये दिल्लीच्याच न्यायालयाने पुन्हा बजावलं आणि मार्च 2017 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट कचेऱ्यांना तसा आदेश दिला. मग अटी आल्या: आरसी परत करा, तिबेटी प्रशासनाकडून मिळणारे लाभ सोडा, आणि नेमून दिलेल्या तिबेटी वसाहतीत राहू नका. म्हणजे कागदावर भारतीय व्हायचं तर जिथे भात लावायला शिकलात ते गाव सोडायचं. साहजिकच अनेकांनी आरसीच बरी म्हटलं.

त्याच 2017 च्या फेब्रुवारीत वांग ची चीनला गेला. मधल्या काळात आईशी त्याचं फोनवर बोलणं झालं होतं 2002 मध्ये, जवळपास चाळीस वर्षांनी. ती 2006 मध्ये गेली. 2009 मध्ये पुतण्या पर्यटक म्हणून भारतात आला आणि त्याच्या मदतीने कागद जमवून 2013 मध्ये वांगला चिनी पासपोर्ट मिळाला. तरी भारतातून बाहेर पडायची परवानगी व्हायला आणखी चार वर्षं गेली. वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी लावून धरलं तेव्हा दोन्ही सरकारं हलली. 11 फेब्रुवारीला तो बीजिंगला उतरला. बरोबर मुलगा, सून आणि नात. मुलाने आडनाव वांगच लावलं आहे. सून इथलीच. शांक्सीतल्या गावाने ढोल-ताशांनी स्वागत केलं.

गावी जायला त्याच्या मुलाला, सुनेला, नातीला चीनचा व्हिसा लागला. तिरोडीला परत यायला त्याला भारताचा लागणार होता, कारण पासपोर्ट मिळाल्यामुळे तो आता रीतसर परदेशी झाला होता. पूर्वी कागद नव्हता म्हणून जाता येत नव्हतं. आता कागद असल्यामुळे राहायला मुदत पडली.

मुलांचा प्रश्न मात्र कधीच नव्हता. आई भारतीय, जन्म इथला. नातीच्या बाबतीतही तेच. 1962 च्या कायद्याची नजर तिच्या आजोबांवर गेली असती. आजच्या कायद्याला आजोबांशी घेणंदेणं नाही, पण बापाच्या कागदांशी फार आहे, आणि गोठणगावच्या तरुण तिबेट्याला मराठी मुलीशी संसार मांडायचा असेल तर त्याने एवढं ध्यानात ठेवावं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे तीस दिवसांची नोटीस द्यायची, तिथे नागरिकत्व आड येत नाही. नोटीस कचेरीत लागते, त्यामुळे घरच्यांना आधी आपणच सांगितलेलं बरं. मूल होईल ते आईमुळे भारतीय, पण त्यासाठी बाप बेकायदा ठरता कामा नये. तेव्हा स्वेटरच्या हंगामात नागपुरात असो की नाशकात, आरसीची तारीख चुकवायची नाही.